उंबरठा आणि रस्ता

आपल्याकडे शहराच्या कारभाराविषयी दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात, आणि बहुधा त्या एकाच माणसाच्या तोंडून एकाच बैठकीत येतात. पहिली अशी की म्युनिसिपालिटी काहीच करीत नाही. दुसरी अशी की म्युनिसिपालिटी काहीच करू देत नाही. रस्त्यातला खड्डा वर्षभर तसाच राहतो. पण स्वतःच्या घराची पडवी हातभर पुढे घ्यायची म्हटली की कचेरीत दहा खेपा घालाव्या लागतात. ऐकणारा हसतो आणि विषय बदलतो. परंतु या दोन तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध असेल काय, हे फारसे कोणी विचारीत नाही. माझ्या मते तो संबंध फार जवळचा आहे. जी सत्ता आपल्या कामाची सीमा ओळखीत नाही, तिच्या हातून सीमेबाहेरचे काम तर बिघडतेच, पण सीमेच्या आतलेही नीट होत नाही. आणि या दोहोंहून वाईट असे की, तिच्या छायेत राहणारा माणूस नागरिक न राहता अर्जदार होऊन बसतो.

सत्तेला सीमा असावी असे मानणाऱ्या विचारसरणीला उदारमतवाद म्हणतात. हा शब्द आपल्याकडे थोडा बदनाम आहे. कोणी त्याला नेमस्तांचे मवाळ राजकारण समजतात, कोणी शेठसावकारांची सोय. वस्तुतः त्याचे म्हणणे अगदी साधे आहे. दिवाळीचे दिवस आहेत, तेव्हा दिव्याचाच दाखला घेऊ. उंबरठ्यावरची पणती ज्याची त्याने लावायची असते. तिच्यात तेल किती घालावे, वाती किती लावाव्यात, हे त्या घराने ठरवायचे. त्यात शेजाऱ्याने लक्ष घालण्याचे कारण नाही. पण गल्लीच्या तोंडाशी असलेला दिवा कोणा एकाने लावून भागत नाही. लावला, तरी त्याचा उजेड पैसे देणाऱ्याच्याच पायाखाली पडेल अशी सोय करता येत नाही. म्हणून तो सर्वांच्या वर्गणीतून लागला पाहिजे, आणि वर्गणी चुकविणाऱ्याकडून ती सक्तीने वसूल करण्याचा अधिकार कोणाला तरी दिला पाहिजे. या अधिकाराचेच नाव शासन. उदारमतवाद्याला रस्त्यावरचा दिवा नको असतो, ही समजूत चुकीची आहे. त्याला तो हवाच असतो. एवढेच की, रस्त्यावर दिवा लावणाऱ्याने घरात शिरून पणतीची वात मोजू नये असे तो म्हणतो.

अॅडम स्मिथने १७७६ साली राज्यकर्त्याची जी तीन कर्तव्ये सांगितली, त्यांत संरक्षण आणि न्याय यांच्या जोडीला तिसरे असे होते : जी सार्वजनिक कामे समाजाला अत्यंत उपयोगी, परंतु एकट्यादुकट्याला किफायतशीर पडणार नाहीत, ती उभी करणे व चालविणे. शहराचा कारभार जवळजवळ सगळा या तिसऱ्या कर्तव्यात येतो. विहिरी आणि तळी यांवर जगणाऱ्या मुंबईत १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने आले, ते कोणा व्यापाऱ्याच्या नफ्याच्या हिशेबातून आले नाही. पुढे तुळशी आणि तानसा आले. त्या पाण्यावर हे शहर वाढले. याला सत्तेचे अतिक्रमण म्हणणारा उदारमतवादी मला तरी ठाऊक नाही.

१८८८ चा मुंबई महापालिकेचा कायदा या दृष्टीने फार बोलका आहे. फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग या दोघांचाही त्याच्या घडणीत वाटा होता, आणि अनेक दुरुस्त्या पचवून तो आजही चालू आहे. त्यात महापालिकेच्या कामांच्या याद्या दिलेल्या आहेत. एकसष्टाव्या कलमात आवश्यक कर्तव्ये आहेत : गटारे, झाडलोट, पाणी, रस्ते आणि त्यांवरील दिवे, आग विझविणे, मंडया, साथी आवरणे, स्मशाने आणि दफनभूमी. त्रेसष्टाव्या कलमात ऐच्छिक कर्तव्ये आहेत. ती केली तर चांगले, न केली तर दोष नाही. आधी काय आणि मग काय, याचा हा कायद्यात लिहून ठेवलेला विवेक होय. घरातली कर्ती बाई जशी आधी वाण्याचे बिल आणि मुलांची फी बाजूला काढून उरलेल्या पैशांत दिवाळीची खरेदी बसविते, तशी ही रचना आहे. शहरांचे पुष्कळसे दुःख या दोन याद्यांची उलटापालट झाल्याने निर्माण झालेले आहे. गटारावर कोणाचे नाव कोरता येत नाही, कमानीवर येते.

परंतु कामांची यादी केल्याने सत्ता आवरली जाते असे मात्र नाही. त्यासाठी आणखी एका गोष्टीची गरज असते, आणि ती मुंबईने फार महाग किंमत देऊन शिकून घेतली.

१८६५ मध्ये मुंबईचा कारभार एका कमिशनरच्या हाती आला. त्याचे नाव आर्थर क्रॉफर्ड. हा माणूस विलक्षण कर्तबगार होता. कापसाच्या तेजीत फुगलेले आणि घाणीत बुडालेले शहर त्याने हलविले. रस्ते रुंद केले, सफाईला शिस्त लावली. आज जिला महात्मा जोतिराव फुले मंडई म्हणतात ती १८६९ मध्ये पुरी झालेली मंडई दीर्घकाळ त्याच्याच नावाने ओळखली गेली. त्याच्यावर देखरेख ठेवायची ती सरकारने नेमलेल्या जस्टिस ऑफ द पीस मंडळींनी. ही मंडळी मोठी मानाची. पण त्यांना कोणी निवडून दिलेले नव्हते, म्हणून जाब विचारणारेही कोणी नव्हते. ती सभेला येत, मान डोलवीत आणि घरी जात. क्रॉफर्डने खर्च केला आणि करीत राहिला. अखेर तिजोरीचा तळ दिसू लागला, पट्ट्यांचा बोजा असह्य झाला, करदाते खवळले आणि १८७१ मध्ये त्याला जावे लागले.

आता यातून बोध कोणता घ्यायचा? गावातले बहुतेक लोक म्हणत होते की कमिशनरचे पदच मोडून टाका. अशा वेळी फिरोजशहा मेहता या सव्वीस वर्षांच्या बॅरिस्टराने त्याच साली एक निबंध वाचला आणि लोकांना न रुचणारी गोष्ट सांगितली. त्याचे म्हणणे असे की, दोष काम करणाऱ्या हातात नाही, हिशेब न मागणाऱ्या सभेत आहे. अंमल एकाच्या हाती राहू द्या, नाहीतर काम होणार नाही. पण पैसा मंजूर करणारी सभा करदात्यांनी निवडून दिलेली असू द्या आणि हिशेब तपासणारा वेगळा ठेवा. १८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांची सभा आली आणि त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले. १८८८ च्या कायद्याने ही घडी पक्की केली. मर्यादित शासन म्हणजे दुबळे शासन नव्हे, हे यापेक्षा चांगल्या रीतीने क्वचितच कोणी मांडले असेल. नदीला बांध घालतात तो नदी आटविण्यासाठी नव्हे.

याच क्रॉफर्डची पुढची कथा महाराष्ट्राला वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. तो मध्य विभागाचा कमिशनर होऊन पुण्यास आला, आणि १८८८ मध्ये त्याच्यावर लाचखाऊपणाचे आरोप होऊन चौकशी झाली. लाचेचे आरोप सिद्ध झाले नाहीत असे चौकशी मंडळाने म्हटले. पण हाताखालच्यांकडून कर्जे घेतल्याचे शाबीत झाले आणि त्याची नोकरी गेली. आपण पैसे दिल्याची साक्ष ज्या मामलेदारांनी अभयवचनावर विसंबून दिली होती, त्यांच्यावर मात्र संकट आले, आणि टिळकांनी त्यांची बाजू घेतली. मंडई बांधणारा क्रॉफर्ड आणि हा क्रॉफर्ड हे दोन माणूस नव्हेत. म्हणूनच सज्जन माणूस शोधून त्याच्या हाती सगळे सोपवावे, हा आपल्या मनातला आवडता तोडगा मला धोक्याचा वाटतो. चांगला माणूस मिळाला तर उत्तमच. परंतु व्यवस्था अशी हवी की, तो उद्या बिघडला किंवा त्याच्या जागी दुसरा आला, तरी शहराचे फार नुकसान होऊ नये.

येथवर काम पैशाच्या हिशेबाचे होते. याहून अवघड प्रश्न आहे तो उंबरठ्याचा. रस्ता सर्वांचा आणि घर ज्याचे त्याचे, हे म्हणायला सोपे. पण घरातला रोग रस्त्यावर येतो तेव्हा काय करायचे?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, लवकरच तो पुण्यात पोचला, आणि १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. कायदा केवळ चार कलमांचा. एका कलमाने सरकारला जरूर वाटेल ते करण्याची मुभा दिली, आणि चौथ्या कलमाने असे सांगितले की या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कोणत्याही गोष्टीबद्दल कोणावर दावा लावता येणार नाही. पुण्यात पुढे काय झाले ते प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. रँडच्या अमलाखाली गोरे सोल्जर घरोघर शिरले. स्वयंपाकघर आणि देवघरही त्यांतून सुटले नाही. २२ जूनच्या रात्री चापेकरांनी त्याच्यावर गोळी झाडली. मुंबईतही १८९८ च्या मार्चमध्ये झडतीवरून दंगल उसळली आणि त्यानंतर सरकारला सक्ती सैल करावी लागली.

यात शासनाने हात घातला हेच चुकले, असे मी म्हणणार नाही. प्लेग हा कोणाचा खाजगी प्रश्न नव्हता. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये जो निकष मांडला, आणि आगरकरांच्या पिढीवर ज्याचा फार मोठा प्रभाव पडला, त्याप्रमाणे इतरांना होणारी इजा टाळण्यासाठी व्यक्तीवर सक्ती करता येते. आणि संसर्गाहून स्पष्ट इजा कोणती? चूक झाली ती मापाची आणि जबाबदारीची. चौथ्या कलमाने जाब विचारण्याचा मार्गच बंद केला होता. ज्याचे दार फोडले त्याला न्यायालयाचे दार उघडे राहिले नाही. हा प्रश्न जुना झाला असे मात्र कोणी समजू नये. २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा हाच १८९७ चा कायदा पुन्हा बाहेर काढण्यात आला. त्या वेळी आपण घरात बसलो, ते बहुतांशी समजून उमजून बसलो. पण शहरातले काम बंद पडताच गावाकडे पायी निघालेल्या मजुरांचे तांडे ज्यांनी पाहिले, त्यांना एक गोष्ट कळली असेल. सक्तीचा हुकूम एकच असतो, पण त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. म्हणून आणीबाणीतही तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. ही सक्ती कशासाठी, किती दिवसांची आणि तिचा हिशेब कोणाला द्यायचा?

आणीबाणी संपली तरी तिचे कायदे मुक्काम हलवीत नाहीत, याचे सर्वांत मोठे उदाहरण प्लेगच्या नव्हे, घरभाड्याच्या कायद्यात सापडते.

१९४७ मध्ये मुंबई राज्यात भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. हेतू शंभर टक्के चांगला होता. महायुद्ध नुकतेच संपले होते, फाळणीने निर्वासितांचे लोंढे येत होते, घरे थोडी आणि माणसे फार. अशा वेळी घरमालकाने वाटेल ते भाडे मागावे आणि न देणाऱ्याला रस्त्यावर काढावे, हे कोणत्याही दयाळू माणसाला पाहवणार नाही. म्हणून १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण मानून गोठविण्यात आले. कायदा तात्पुरता होता. त्याची मुदत वाढविली गेली, पुन्हा वाढविली गेली, आणि असे करता करता पन्नास वर्षे लोटली. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने या गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे सांगितले, तेव्हा कोठे १९९९ चा नवा कायदा आला. तोही जुन्या भाड्यात वर्षाला चार टक्के वाढीपलीकडे फारसा गेला नाही.

परिणाम काय झाला? भाड्यातून दिवाबत्तीचाही खर्च निघेना, तेव्हा मालकाने डागडुजी सोडली. चाळी खचू लागल्या, आणि १९६९ मध्ये सरकारला उपकर बसवून दुरुस्ती मंडळ काढावे लागले. साडेएकोणीस हजारांहून अधिक इमारती त्याच्या पदरात आल्या. दरवर्षी पावसाळ्यात यांपैकी एखादी इमारत कोसळल्याची बातमी वाचताना पोटात गोळा येतो. भाड्याने देण्यासाठी घर बांधणे हा वेड्याचा धंदा ठरला. मग नव्याने शहरात येणाऱ्याला झोपडीवाचून गत राहिली नाही. ज्याला जागा होती त्याचे संरक्षण झाले, पण ते ज्याला जागा नव्हती त्याच्या जिवावर.

पण मला याहून जास्त खुपते ते नैतिक नुकसान. भाडे कायद्याने गोठले, म्हणून पागडी अंधारात वाढली. पावती दहा रुपयांची आणि व्यवहार हजारोंचा, हा शिरस्ता झाला. जागा सुटू नये म्हणून न राहणाऱ्याने राहतो असे सांगितले, रेशन कार्डावर नावे ठेवली, भावाने भावावर दावा लावला. मालक लबाड आणि भाडेकरू साधा, किंवा याच्या उलट, अशी विभागणी येथे करता येत नाही. दोघेही पापभीरू, देवधर्म करणारी माणसे होती. परंतु जेथे खरे बोलणाऱ्याला घर गमवावे लागते, तेथे कायद्याने खोटेपणाला पगार लावून दिलेला असतो. फेरीवाल्यांचेही तेच. हजारो माणसांना जे पोटासाठी करावेच लागते ते बेकायदा ठरविले, की परवानगीची गरज नाहीशी होत नाही. तिची किंमत फक्त हप्त्याच्या रूपाने भलत्याच खिशात जाते. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात मान्य केले, आणि फेरीवाल्यांसाठी स्वतंत्र कायदा यायला २०१४ साल उजाडावे लागले.

यावर कोणी विचारील, आणि विचारलेच पाहिजे, की मग त्या निर्वासितांना आणि गिरणीकामगारांना वाऱ्यावर सोडायचे होते काय? मुळीच नाही. गरजवंताला आसरा देणे हे समाजाचे कर्तव्य आहे असे ठरले, तर त्याचा खर्च साऱ्या समाजाने उघडपणे, अंदाजपत्रकात लिहून, सोसावा. तो एका वर्गाच्या गळ्यात बांधून आपण दयाळू म्हणवून घेणे, हे दुसऱ्याच्या ताटातले वाढून पुण्य जोडण्यासारखे आहे. उघड दानाला हिशेब असतो, म्हणून त्याला मर्यादाही असते. लपविलेल्या दानाला दोन्ही नसतात.

येथे उदारमतवाद्यांच्या पदरीही एक माप घातले पाहिजे. ज्या सभेचे मी एवढे कौतुक केले, ती १८७२ ची सभा निवडण्याचा हक्क पुरेशी पट्टी भरणाऱ्या मूठभरांनाच होता. परळच्या चाळीत एका खोलीत दहा जण झोपणाऱ्या कामगाराचे मत कोणी विचारले नाही, आणि प्लेग आला तेव्हा तो त्याच चाळीत मेला. करदात्यांच्या नावाने काटकसर करणे आणि गरिबांच्या वस्तीतले गटार पुढच्या वर्षावर ढकलणे, या दोन गोष्टी एकसारख्या दिसतात, पण त्या एक नव्हेत. पहिली मर्यादा आहे, दुसरी कर्तव्यच्युती. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या व्याख्यानात बजावले होते की, इंग्रजी अर्थशास्त्राचे निर्हस्तक्षेपाचे सूत्र आपल्या परिस्थितीला जसेच्या तसे लावता येणार नाही. त्यांचे ते म्हणणे अजूनही विचारात घेण्यासारखे आहे. मुंबईत १९४८ ची निवडणूक प्रौढ मताधिकाराने झाली तेव्हाच फिरोजशहांचे सूत्र खऱ्या अर्थाने पुरे झाले. कारण झोपडीतला माणूसही कर देतोच. तो मीठमिरचीच्या भावातून देतो आणि भाड्यातून देतो, फक्त त्याच्या नावाची पावती फाटत नाही.

मात्र हक्क मिळणे आणि तो वापरणे यांत अंतर राहते. लॉर्ड रिपनने १८८२ च्या मे महिन्यात स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, त्यात स्पष्ट म्हटले होते की, याने कारभार लगेच सुधारेल अशी अपेक्षा नाही. लोकांना राजकीय शिक्षण मिळावे हा मुख्य हेतू आहे. एकशेचाळीस वर्षांनंतर आपण त्या शाळेत कोणत्या इयत्तेत आहोत? घटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीप्रमाणे, जी १९९३ मध्ये अमलात आली, महापालिकेची मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक झाली पाहिजे. मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ शहराला लोकनियुक्त सभाच नव्हती; सारा कारभार प्रशासकाच्या हाती होता. पुण्याचीही गत वेगळी नव्हती. या काळात नळाला पाणी येत होते, कचऱ्याची गाडी येत होती, आणि पुष्कळांनी तर असेही म्हटले की, नगरसेवक नाहीत ते बरेच आहे, निदान कटकट तरी कमी.

मला भीती वाटते ती याच उद्गाराची. क्रॉफर्डच्या काळात करदाते रस्त्यावर आले, कारण आपले पैसे आपल्याला न विचारता खर्च होत आहेत हे त्यांना झोंबले. आज ते आपल्याला झोंबत नाही. सत्ता मर्यादेत राहते ती घटनेतल्या कलमांनी राहते असे आपण समजतो. कलमे लागतातच, पण कलम स्वतः उठून कचेरीत जात नाही. कोणीतरी वॉर्डाच्या सभेला जावे लागते, अंदाजपत्रकाचे रुक्ष पान वाचावे लागते, आणि आपल्या गल्लीतला बेकायदा माळा पाडला तर हळहळताना दुसऱ्याच्या गल्लीतला पाडा म्हणून केलेला अर्ज आठवावा लागतो. शासनाने घरात शिरू नये असे ज्याला वाटते, त्याने घरातून बाहेर येऊन आपल्या दारापुढचा रस्ता आपला मानला पाहिजे. एवढे केले, तर म्युनिसिपालिटीला सांगण्याचा आपला अधिकार शाबूत राहतो : बाई, पाणी दे, गटार उपस, दिवा लाव आणि हिशेब दाखव, बाकीचे आमचे आम्ही पाहून घेऊ.